पार्श्वभूमी : 1951 ची जनगणना आणि वगळलेली जात

जातनिहाय जनगणनेची चर्चा निघाली की शेवटच्या जातवार मोजणीचे, म्हणजे 1931 चे आकडे निघतात. 1951 कडे फारसं कुणी वळत नाही, आणि खरा निर्णय तर तेव्हाच झाला.

स्वतंत्र भारताची ती पहिली मोजणी. संदर्भवेळ, म्हणजे ज्या क्षणाची लोकसंख्या धरायची तो, 1 मार्चचा सूर्योदय. मोजणीच्या चिठ्ठीवर 14 प्रश्न, त्यातला एक खास फाळणीमुळे आलेल्यांसाठी. असे विस्थापित 73 लाखांच्या आसपास निघाले. जम्मू-काश्मीरमध्ये मोजणी झालीच नाही. पंजाबात मातृभाषा हिंदी की पंजाबी यावरून इतकी जुंपली, की हिंदी, पंजाबी, उर्दू आणि पहाडीचे आकडे एकत्रच छापावे लागले.

जातीपुरतं सरकारचं आधीच ठरलं होतं : तक्ते फक्त अनुसूचित जाती-जमातींचे. मोजल्याने जात घट्ट होते, हा युक्तिवाद. तो अगदीच पोकळ नव्हता. इंग्रजांनी 1901 मध्ये जातींची उतरंड लावायला घेतली आणि वरची पायरी मागणाऱ्यांची रीघ लागली. 1911 ला एकट्या बंगालात अशा अर्जांचं वजन दीड मण भरलं होतं. पण रोग उतरंडीचा होता, बंद पडली मोजणी. शिवाय 1941 ची सारणी युद्धामुळे आधीच आटोपती घेतलेली, त्यामुळे सलग दोन दशकं हाताशी काहीच उरलं नाही.

वेळही अशी, की मोजणी संपून चार महिने होत नाहीत तोच जून 1951 मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली आणि मागासवर्गांसाठी खास तरतुदींची वाट मोकळी झाली. तरतूद आली, पण कुणासाठी किती, हे सांगणारा आकडा नाही! पहिल्या मागासवर्ग आयोगाने 1955 च्या अहवालात 2,399 जातींची यादी दिली आणि 1961 ला जातवार मोजणी करा, असं सुचवलं. ते बासनात गेलं. दुसऱ्या (मंडल) आयोगाचा 1980 मधला, ओबीसी लोकसंख्या 52 टक्के असल्याचा अंदाजही मग 1931 च्याच आकड्यांवरून काढावा लागला.

2011 च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत जात विचारली गेली, आकडे मात्र बाहेर आले नाहीत. स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या ओबीसी आरक्षणासाठी इम्पिरिकल डेटा, म्हणजे प्रत्यक्ष पाहणीतली आकडेवारी हवी म्हणून महाराष्ट्राने 2021 मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात मागितले. केंद्राचं उत्तर : नोंदी सदोष आहेत. 1931 ला देशभरात 4,147 जाती होत्या, इथे 46 लाखांवर नावं आली. महाराष्ट्राच्या याद्यांत जाती 494, नोंदी 4,28,677. उघड्या रकान्यात कुणी पोटजात सांगितली, कुणी आडनाव, कुणी गोत्र, आणि प्रगणकाने ऐकू येईल तसं लिहून घेतलं.

एप्रिल 2025 मध्ये केंद्राने पुढच्या जनगणनेत जात घ्यायचं जाहीर केलं. ही मोजणी डिजिटल आहे. तरी जात यादीतून निवडायची की सांगेल ती लिहून घ्यायची, यावर तिच्या आकड्यांचं बरंचसं भवितव्य ठरेल.