जिल्हा वार्षिक योजनेतून ग्रामपंचायत इमारत : प्रस्ताव, कागदपत्रे आणि निधीचे गणित

ग्रामपंचायत भवन, स्मशानभूमीची शेड, तिथवरचा रस्ता ही कामे जिल्हा वार्षिक योजनेतल्या जनसुविधा अनुदानातून घेता येतात. प्रस्ताव ग्रामपंचायतीने करायचा आणि गटविकास अधिकाऱ्यांमार्फत जिल्हा परिषदेच्या ग्रामपंचायत विभागाकडे पाठवायचा. वर्षाचा आराखडा जिल्हा नियोजन समितीपुढे येतो. पालकमंत्री तिचे अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव असतात. पुढच्या वर्षाचा प्रारूप आराखडा हिवाळ्यातच आकार घेऊ लागतो. म्हणून १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव घेतलेला बरा; २६ जानेवारीपर्यंत थांबलात तर बहुधा उशीर झालेला असतो.

ठरावात कामाचे नाव, गट क्रमांक आणि क्षेत्र लिहा. 'गावात इमारत व्हावी' एवढ्यावर प्रस्ताव परत येतो. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी ती. उपस्थितीच्या सह्या अपुऱ्या असतील तर ठरावालाच हरकत निघते.

सर्वांत जास्त प्रस्ताव अडकतात ते जागेवर. गावठाणातली जागा असेल तर नमुना ८ चा उतारा, बाहेरची असेल तर ग्रामपंचायतीच्या नावाचा सातबारा लागतो. कुणी जागा दान दिली असेल तर १०० किंवा ५०० रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी केलेले संमतीपत्र पुरत नाही. स्थावर मालमत्तेचे बक्षीसपत्र नोंदणीकृतच असावे लागते, आणि त्यानंतर फेरफार होऊन सातबाऱ्यावर नाव लागले पाहिजे. दात्याच्या पश्चात वारसांनी हक्क सांगितला की अर्धवट इमारत वर्षानुवर्षे तशीच पडून राहते. गायरानाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपाल सिंग निकालानंतर नियम फार कडक झाले आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची लेखी परवानगी हातात नसताना गायरान जागा प्रस्तावात दाखवू नका.

जागेच्या कागदांसोबत स्थळपाहणीचे फोटो, हे काम दुसऱ्या योजनेतून झालेले नसल्याचा दाखला आणि अंदाजपत्रक जोडायचे. अंदाजपत्रक बांधकाम उपविभागाचा कनिष्ठ अभियंता चालू दरसूचीनुसार करतो. त्यात १८ टक्के जीएसटी, १ टक्का कामगार उपकर आणि साहित्य चाचणीचा खर्च धरला आहे ना, हे सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (पूर्वीचे ग्रामसेवक) स्वतः पाहावे. काळ्या मातीच्या गावात पाया खोल जातो. पाहणी न करता सरधोपट अंदाजपत्रक केले तर पैसे पायातच संपतात आणि सुप्रमा, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, मागण्याची वेळ येते. ती मिळेपर्यंत काम बंद.

पुढचा क्रम ठरलेला आहे : प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. निविदेची मर्यादा चुकवण्यासाठी एका कामाचे तुकडे पाडू नयेत. लेखापरीक्षणात हा आक्षेप हमखास येतो.

प्रशासकीय मान्यता मिळाली म्हणजे पैसे आले, हा समज मात्र मनातून काढून टाका. नियतव्ययातून, म्हणजे त्या वर्षासाठी मंजूर केलेल्या रकमेतून, आधी जुन्या अपूर्ण कामांचे दायित्व, म्हणजे द्यायचे राहिलेले पैसे, वजा होते आणि उरलेल्या रकमेच्या दीडपट नवी कामे मंजूर करता येतात. समजा नियतव्यय १० कोटी आणि दायित्व ४ कोटी आहे. उरले ६ कोटी, म्हणून नवी कामे ९ कोटींची. म्हणजे एकूण देणे १३ कोटी आणि हाती १० कोटी. पूर्ण १० कोटी मिळाले आणि खर्च झाले तरी ३ कोटींचा बोजा पुढच्या वर्षावर जातो. नियतव्ययाला कात्री लागली तर तो आणखी वाढतो. इमारतीचे काम एका वर्षात क्वचितच संपते, त्यामुळे तुमचे काम दायित्वाच्या यादीत आहे का, हे दरवर्षी ग्रामपंचायत विभागात विचारत राहा. यादीतून सुटलेल्या कामाचे देयक निघणे फार अवघड.

जिल्हा परिषदेला मिळालेला निधी पुढच्या आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत खर्च करता येतो. त्यानंतर उरलेली रक्कम शासनाकडे परत जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये देयकांची गर्दी होते आणि मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी घाईने होतात. प्लिंथ, स्लॅब अशा टप्प्यांची मोजमापे त्या त्या वेळीच नोंदवून घ्या. निवडणूक तोंडावर असेल तर आणखी एक काळजी : कार्यारंभ आदेश असूनही प्रत्यक्ष सुरू न झालेले काम आचारसंहितेत सुरू करता येत नाही, सुरू असलेले चालू ठेवता येते. म्हणून आखणी आणि खोदाईचे दिनांक असलेले फोटो जपून ठेवा.

शेवटच्या देयकासोबत पूर्णत्वाचा दाखला आणि उपयोगिता प्रमाणपत्र जाते. त्याच आठवड्यात इमारतीची नोंद ग्रामपंचायतीच्या स्थावर मालमत्ता नोंदवहीत करून घ्या, कारण पुढे दुरुस्तीसाठी निधी मागताना पहिल्यांदा तोच उतारा मागितला जातो.