बडोद्याच्या भिंतीवर लाकडी फ्रेम कशी आली

फ्रेमवाल्याच्या दुकानात गिऱ्हाईक आधी पट्टीची नक्षी बघतं, मग रंग, मग भाव. तयार फ्रेम उलटी करून दाखवा, असं कोणी म्हणत नाही. माझं म्हणणं असं की आधी ती उलटीच करावी. आपल्या घरांत फ्रेम आली ती छापील कागदाच्या पाठोपाठ, आणि कागदाचा नाश बहुतेक वेळा मागच्या बाजूने सुरू होतो.

त्याआधी चित्र टांगायची पद्धत आपल्यात फारशी नव्हती. चित्र एक तर भिंतीवरच रंगवलेलं असे, नाहीतर पोथीसारखं बासनात बांधून ठेवलेलं. बडोद्यातला तांबेकर वाडा बघितला की पहिला प्रकार कळतो. भाऊ तांबेकर एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला गायकवाडांचे दिवाण होते. त्यांच्या वाड्यात कृष्णकथांपासून लढाईच्या देखाव्यांपर्यंत सगळं थेट भिंतीवर आहे. तिकडे तंजावरच्या मराठ्यांच्या आश्रयाने वाढलेल्या चित्रांत लाकूड होतं, पण चित्राच्या पाठीशी: फळीवर कापड चिकटवायचं, त्यावर लेप, सोन्याचा वर्ख आणि काचेचे खडे. सयाजीराव महाराजांच्या पहिल्या राणीसाहेब चिमणाबाई माहेरच्या तंजावरच्याच, त्यामुळे बडोद्याला ही चित्रं अगदी परकी नसावीत.

चारी बाजूंनी जड सोनेरी चौकट असलेलं मोठं तैलचित्र हा युरोपचा रिवाज. बडोद्यात तो ठसला राजा रविवर्मा यांच्यामुळे. 1881 साली सयाजीरावांना राज्यकारभाराचे अधिकार मिळाले, त्या सुमारास रविवर्मा इथे आले आणि त्यांनी राजघराण्याची व्यक्तिचित्रं काढली. 1888 मध्ये महाराजांनी त्यांच्याकडे पुराणातल्या प्रसंगांवरची चौदा चित्रं मागितली. लक्ष्मी विलास राजवाडा उभा राहिला 1890 मध्ये, तेव्हा अशा चित्रांना भिंतीही मिळाल्या. यांतली पुष्कळ चित्रं आज राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात बघायला मिळतात. हे संग्रहालय 1961 सालचं.

राजवाड्यातल्या फ्रेमचा आपल्या फ्रेमशी संबंध मात्र बेताचाच आहे. तैलरंगाला काच लागत नाही. वॉर्निशचा हात दिला की चित्र स्वतःला सांभाळतं, म्हणून तिथे चौकटीचं काम मुख्यतः शोभेचं आणि आधाराचं.

सामान्य घराची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. पुण्यात 1878 मध्ये चित्रशाळा छापखाना निघाला आणि देवादिकांची रंगीत चित्रं घरोघर जाऊ लागली. बडोद्याचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव यांनी रविवर्म्यांना सुचवलं होतं की तुमच्या चित्रांना इतकी मागणी आहे, एकट्याच्या हाताने ती पुरी व्हायची नाही; काही चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या छापील प्रती काढून घ्या. पुढे 1894 मध्ये रविवर्म्यांनी मुंबईत स्वतःचाच छापखाना काढला. नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले दादासाहेब फाळके काही काळ त्याच छापखान्यात होते. राजवाड्यातली लक्ष्मी-सरस्वती अशी दिवाणखान्यात आणि देवघरात आली, पण आली ती कागदावर.

कागद म्हणजे काच हवी. काच आली म्हणजे तिला धरणारी खाच हवी. खाच राहील अशी पट्टी हवी आणि पावसाळ्यात न पिळवटणारं लाकूड हवं. इथे सागाचा नंबर लागला. सागात तेलाचा अंश असतो, वाळवी त्याला सहसा तोंड लावत नाही आणि दमट हवेत तो फारसा फुगत-आकसत नाही. शिवाय डांग आणि राजपीपळ्याकडची सागाची जंगलं बडोद्याला दूर नव्हती. घराच्या तुळया, दारं, झोपाळे सागाचे, त्यातच फ्रेमही. रंगीत लाखेच्या लाकूडकामाचं गाव संखेडा, तिथले कारागीर इतके जवळ असून त्यांचं काम फ्रेमांत का दिसत नाही, असं कोणी विचारतं. ते काम मुळात लेथवर फिरवलेलं, गोल. पाळण्याचे खूर आणि खुर्चीचे पाय तिथे शोभतात, सरळ सपाट पट्टीला त्याचा उपयोग नाही.

जुन्या फ्रेमा दारावरच्या जागेत, उंचावर आणि पुढे झुकलेल्या असत. खाली दोन खुंट्या, वर तार. त्या कलामुळे काचेवर उजेड चमकत नसे, खालून बघणाऱ्याला चित्र सरळ दिसे आणि मागे हवा खेळत राही. त्या पोकळीत चिमण्या घरटी करत आणि गवताच्या काड्या खाली जेवणाच्या ताटात पडत, हा भाग वेगळा. काही घरांत छापील सरस्वतीला खरी जरी आणि टिकल्या लावून नटवत. अशा चित्राला मग खोल, पेटीसारखी फ्रेम लागे.

फोटो आले तेव्हा आणखी एक अडचण समजली. फोटोच्या पृष्ठभागावरचा जिलेटिनचा थर ओल लागली की काचेला चिकटतो. आजोबांच्या फोटोच्या कपाळाचा एखादा तुकडा काचेबरोबर निघून आलेला पुष्कळ घरांत सापडेल. फोटोभोवतीचा पुठ्ठ्याचा माउंट म्हणूनच लागतो. तो शोभेचा वाटतो, पण काच आणि फोटो यांच्यात फट ठेवणं हे त्याचं खरं काम.

1950 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकला विद्याशाखा सुरू झाली. इंदूरला जन्मलेले ना. श्री. बेंद्रे तिथे चित्रकला शिकवायला आले. या नव्या चित्रकारांच्या कॅनव्हासला सोनेरी नक्षीची गरज नव्हती, बारीक साधी पट्टी पुरे. खरं लाकूड पुन्हा चित्राच्या मागे गेलं: कॅनव्हास ताणून धरणारा स्ट्रेचर. तो ओलसर लाकडाचा असला तर चित्राचा कोपरा उचलतो, आणि मग पुढची पट्टी कितीही भारी असली तरी इलाज नाही.

आता दुकानात लांब पट्ट्यांच्या ज्या रांगा दिसतात, त्यांतल्या बऱ्याच लाकडाच्या नसतातच. बोलीत ज्याला फायबर म्हणतात ते पॉलिस्टायरीन. कीड नाही, वजन नाही, भाव कमी. साध्या प्रमाणपत्रासाठी मी तेच घेईन, त्यात कमीपणा काही नाही. पण सागाचे पैसे देत असाल तर पट्टीचं कापलेलं टोक बघा. वरच्या पॉलिशवरून काही ठरवता येत नाही. टोकाशी लाकडाच्या रेषा आरपार दिसल्या पाहिजेत. भुशासारखा एकसारखा पोत दिसला तर ते एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड; पांढरा फेस दिसला तर फायबर.

भाव फुटावर असतो आणि तिथे गिऱ्हाईक गोंधळतं. चित्र 12 बाय 18 इंचांचं असेल तर चारी बाजू मिळून 60 इंच, म्हणजे पाच फूट. पण पट्टी दीड इंच रुंद असेल तर कोपरे तिरके कापताना आठ वेळा ती रुंदी जास्त लागते. 12 इंच वाढले, झाले सहा फूट. शिवाय करवतीचा घसारा. पट्टी जितकी रुंद तितका हा फरक मोठा, त्यामुळे फ्रेमवाला लबाडी करतोय असं लगेच धरून चालू नका.

मग फ्रेम उलटी करा. कोपऱ्यात फट नको. मागचा हार्डबोर्ड सपाट बसलेला आणि त्याच्या कडेला कागदी पट्टी चिकटवून बंद केलेली हवी, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात कसर आत शिरते. चित्र मोलाचं असेल तर त्याच्या पाठीला लागणारा पुठ्ठा आम्लरहित मागा. साधा पुठ्ठा काही वर्षांत कागदाला पिवळे डाग देतो.

जुने वाडे पडतात तेव्हा सागाच्या फ्रेमा भंगारात येतात. मिळाली तर जरूर घ्या, पण तुमच्या चित्रापेक्षा मोठी असेल तरच. मोठी फ्रेम कापून लहान होते, लहानाची मोठी होत नाही. घेण्याआधी ती पांढऱ्या कागदावर आपटून बघावी. बारीक पीठ पडलं तर आत कीड जिवंत असण्याची शक्यता आहे, आणि तशी फ्रेम घरातल्या बाकी लाकडाजवळ नेऊ नये.