डीएनए मॅच किती खरी? सीमाभागातल्या घराण्यांसाठी थोडी पार्श्वभूमी

डीएनए मॅचवर, म्हणजे टेस्टमध्ये डीएनए जुळला म्हणून कंपनी जो नातेवाईक दाखवते त्याच्यावर, कितपत विश्वास ठेवायचा हा प्रश्न तसा फार जुना नाही. २००० सालच्या आसपास अमेरिकेत घरबसल्या करायच्या टेस्ट विकायला लागले तेव्हा फक्त बापाकडून मुलाकडं जाणारा वाय क्रोमोसोम बघत होते, तोही १२ मार्करवर, म्हणजे त्यावरच्या ठरावीक १२ जागांवर, आणि बाराच्या बारा जुळले की लोक एकमेकांना भाऊ म्हणून मोकळे व्हायचे. पुढं ३७, ६७, १११ मार्करच्या टेस्ट आल्या तेव्हा त्यातल्या बऱ्याच भावांचं नातं कुठल्यातरी फार जुन्या पिढीतलं निघालं.

खरा गोंधळ नंतरचा. २००७ ला एका कंपनीनं सगळ्या क्रोमोसोमवरचे लाखो मार्कर एकदम तपासून द्यायला सुरुवात केली, २००९ ला त्यावर नातेवाइकांची यादी आली, २०१० ला दुसरी कंपनी आली आणि २०१२ ला वंशावळीच्या धंद्यातली सगळ्यात मोठी. या मॅच मोजतात सेंटीमॉर्गनमध्ये, म्हणजे जुळलेल्या डीएनएच्या तुकड्याची लांबी सांगणाऱ्या मापात, आकडा मोठा तितकं नातं साधारण जवळचं (या मापाच्या मुळाशी असलेला जनुकांचा नकाशा पहिल्यांदा मांडला गेला १९१३ ला, फळमाश्यांवर काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याकडून, त्या बिचाऱ्याला काय माहिती की त्या मापावर पुढं लोक सख्ख्या चुलत्याशी वाद घालतील).

खोटी मॅच येते कुठून? टेस्टमध्ये प्रत्येक जागेवर दोन अक्षरं येतात, एक आईकडचं आणि एक बापाकडचं, पण कुठलं कुणाचं ते लिहून येत नाही. सुरुवातीचं सॉफ्टवेअर एवढंच बघायचं की दोघांचं निदान एक अक्षर जुळतंय का, आणि असं ओळीनं काही शे जागांवर जुळलं की झाला सेगमेंट, म्हणजे जुळणारा तुकडा. मग इथं आईच्या बाजूचं अक्षर जुळलं, पुढं बापाच्या बाजूचं, परत आईचं, असं उड्या मारत गेलं तरी ती मॅचच, आणि असला तुकडा कुठल्याच एका पूर्वजाकडून आलेला नसतो. २०१४ च्या एका अभ्यासात आई-बाप-मूल अशी त्रिकुटं घेऊन तपासलं तर २ ते ४ सेंटीमॉर्गनचे म्हणून सापडलेले ६७ टक्क्यांहून जास्त तुकडे खोटे निघाले, म्हणजे मुलात दिसतात पण आईतही नाहीत आणि बापातही नाहीत. तुकडा मोठा होईल तसा हा धोका उतरत जातो, १५ च्या पुढं जवळजवळ संपतोच. पण ६, ७, ८ हा मधला पट्टा कायम वादाचा राहिला आणि प्रत्येक कंपनीनं आपापली रेघ वेगळ्या ठिकाणी मारली.

२०२० ला त्यावरूनच भडका उडाला. सगळ्यात मोठ्या कंपनीनं जुलैत जाहीर केलं की आता ६ ऐवजी ८ च्या खालच्या मॅच यादीतून जाणार. कारण दिलं ते वर सांगितलं तेच, बारीक मॅचमध्ये खोट्या फार. त्यातल्या त्यात सवलत अशी की ज्या मॅचला तुम्ही मेसेज केलाय, नोट लिहिलीय, स्टार मारलाय किंवा ग्रुपमध्ये टाकलीय ती राहील. झालं, लोकांनी धडाधड स्टार मारायला सुरुवात केली, खरी-खोटी न बघता, म्हणजे गाळण्यासाठी काढलेला निर्णय आणि लोक गाळच जपून ठेवायला लागले. सगळ्यात जास्त विरोध अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी केला आणि त्यांचं म्हणणं नुसतं हळवं नव्हतं. १८७० च्या आधी तिथल्या जनगणनेत गुलामांची नावंच लिहीत नव्हते, नुसतं वय, रंग आणि स्त्री की पुरुष, त्यामुळं कागद तिथंच संपतो आणि पुढं जायला हे ६-७ चे तुकडेच उरतात. ऑगस्टअखेर तरीही काट बसली.

मला विचाराल तर ८ ची काट बरोबरच होती, आपल्यासारख्यांसाठी तर ८ सुद्धा कमीच. पण त्या आरडाओरड्यात दुसरा आकडा सगळ्यांच्या नजरेतून निसटला, तो म्हणजे २०. त्याच कंपनीत ‘शेअर्ड मॅच’ म्हणून जी यादी दिसते, म्हणजे तुम्ही, तुमची मॅच आणि दोघांनाही जुळणारा तिसरा, त्यात तेव्हा तो तिसरा माणूस दोघांशीही २० किंवा जास्त शेअर करत असेल तरच दिसायचा. तुमच्याशी ४५ आणि तिकडं १८ असेल तर यादीत नाव नाही. लोक यादी रिकामी दिसली की म्हणतात नातंच नाही, आणि भरलेली दिसली की म्हणतात तिघांचा पूर्वज एकच. दोन्ही चूक. तुम्ही आणि ‘अ’ आईकडून, तुम्ही आणि ‘ब’ बापाकडून, आणि ‘अ’ आणि ‘ब’ आपसात तिसऱ्याच घराण्यातून जुळत असतील तरी यादी तशीच दिसणार. तिघांचा तोच तुकडा त्याच जागी आणि एकमेकांशी जुळतोय हे बघितल्याशिवाय, म्हणजे ट्रायँगुलेशन केल्याशिवाय, काही म्हणता येत नाही, आणि ते करायला क्रोमोसोमवरच्या जागा दिसायला लागतात. या कंपनीनं त्या जागा कधी दाखवल्याच नाहीत. ज्या जागांवर फारच जण एकमेकांशी जुळतात त्यांचं वजन एकूण बेरजेत कमी करायचं गणित मात्र ती आतल्या आत करते, लांब तुकडा तसाच दाखवते, त्यामुळं कधीकधी सगळ्यात लांब तुकडाच एकूण बेरजेपेक्षा मोठा दिसतो आणि माणूस चक्रावतो.

आता आपल्या भागाकडं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी, इकडच्या घरांतली पोरं परदेशात गेली, तिथं टेस्ट करतात आणि ‘थर्ड कझिन’ म्हणून आलेल्या नावाचा स्क्रीनशॉट गावाकडं पाठवतात, की हे कोण आपले? ते लेबल गोऱ्या लोकांच्या डेटावर बसवलेलं आहे, जिथं नवरा-बायको सहसा एकमेकांचे कुणी लागत नाहीत. आपल्याकडं मामाची मुलगी करायची रीत, आणि कन्नड मुलखाकडं सरकेल तसं भाचीलाच करून घ्यायची रीत, मराठी घरांतही आणि कन्नड घरांतही. नवरा-बायको मामे-आते भावंडं असली की त्यांच्या नातवंडांची नाती दोन्ही अंगांनी लागतात. साधे दुसऱ्या पिढीचे चुलत, म्हणजे ज्यांचे पणजोबा-पणजी एक, ते सरासरी २३० च्या आसपास शेअर करतात. तेच दोन वेगळ्या जोड्यांतून लागत असतील तर आकडा साडेचारशेच्या जवळ जातो आणि कंपनी त्यांना एक पायरी जवळचं नातं लावून मोकळी होते. वर ते चुलत की मामे की मावस हे सांगायची सोय नाहीच, जे आपल्याकडं सगळ्यात आधी विचारतात.

ही झाली अलीकडची लग्नं. त्याच्या मागं पन्नास-साठ पिढ्या जातीतच सोयरीक. २०१७ ला दक्षिण आशियातल्या २६० हून जास्त समाजांचा अभ्यास आला, त्यातल्या ८१ समाजांचा उगम इतक्या थोड्या पूर्वजांतून झालेला निघाला की त्याबाबतीत ते फिनलंडचे लोक आणि पूर्व युरोपातले ज्यू यांच्याही पुढं गेले. अशा समाजात जातीतला कुणीही घ्या, ८-९ सेंटीमॉर्गनचे चार-पाच तुकडे निघतात, तुकडे खरेच असतात पण पूर्वज कुठल्या काळातला ते कुणी सांगू नये. म्हणून एकूण बेरीज बघून नाचू नका. ६० सेंटीमॉर्गन सात तुकड्यांत विखुरलेलं असेल तर तो नुसता जातभाई असू शकतो, तेच ६० दोन तुकड्यांत, ३५ आणि २५ असं आलं तर मात्र पणजोबा-खापरपणजोबांच्या काळातली सोयरीक शोधायला बसावं.

आडनावावरून तर अजिबात ठरवू नका. येळ्ळूरकर, उचगावकर, कडोलकर ही नावं गाव सोडल्यावर लागलेली, एका गावातून चार कुळांची माणसं बाहेर पडली तरी चौघांचं आडनाव एकच. पाटील, देसाई, कुलकर्णी ही तर वतनाची नावं. पाटील मराठा पण, लिंगायत पण, जैन पण. देवक आणि कुलदैवत विचारलं तर निदान काहीतरी हाताला लागतं.

आणि कागद. हा आपला जमेचा भाग आणि नेमका हाच कुणी बघत नाही. वतनं आणि इनामं खरी की खोटी याची चौकशी इंग्रजांनी आपल्या या दक्षिणी मुलखात कसून केली, १८५२ ला तर त्यासाठी कायदाच झाला, तेव्हा घराण्यांना पिढीनामे लिहून द्यावे लागले, सगळे मोडीत. पंढरपूर, गोकर्णच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्या आहेत. बैल घेऊन दारात येणारे हेळवी आहेत, घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवतात, धान्य-पैसे घेऊन नव्या पोरांची नावं चढवतात. पुरुषांचीच नावं जास्त, सुनांची माहेरं त्यात शोधायला जाऊ नका, आणि डीएनएची अर्धी गुंतागुंत माहेरांतच असते. १९५६ ला राज्यं नव्यानं पाडली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला पण त्यातलाच चंदगड तालुका कोल्हापूरला जोडला, त्यामुळं खानापूर-चंदगडच्या सोयऱ्यांचे कागद दोन राज्यांत. इकडं पुढं उतारे कन्नडमध्ये झाले आणि मराठी नाव कन्नडमधून परत मराठीत येताना वेगळंच होऊन येतं. चंदगडकडची मॅच आणि खानापूरकडची मॅच एकाच घरची असूनही कागदावर जुळत नाही ती यामुळं, डीएनए चुकला म्हणून नव्हे.

इकडं टेस्टचा धंदाही बदलत गेला. एप्रिल २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातला कितीतरी वर्षांपूर्वीचा खुनी लांबच्या नातेवाइकांच्या मॅचवरून पकडला, तेव्हा लोकांना पहिल्यांदा कळलं की आपण टेस्ट नाही केली तरी चुलत भावामुळं सापडू शकतो. पोलिसांनी तिथं मॅच हा पुरावा धरला नाही, नुसता माग धरला, कागदांवरून झाड उभं केलं आणि शेवटी त्या माणसाचाच नमुना घेऊन खात्री केली. घरच्या वंशावळीत एवढी तसदी कोण घेतो!

२०२३ ला २००७ वाल्या त्या पहिल्या कंपनीतून माहिती फुटली. चोर घुसले सुमारे १४,००० खात्यांत, पण नातेवाईक दाखवायची सोय चालू असल्यामुळं ६९ लाख लोकांची माहिती गेली. त्यानंतर त्या कंपनीनं मॅचचे तुकडे कुठल्या जागी आहेत ते दाखवणंच बंद केलं. म्हणजे सगळ्यात मोठी कंपनी दाखवत नव्हतीच, तेव्हा हीपण थांबली, या दोघींच्या ग्राहकाच्या हातात परत यादीच उरली. २०२४ पासून मोठ्या कंपनीत जादा पैसे भरले की तुमच्या दोन मॅच आपसात किती शेअर करतात तो आकडा तरी दिसतो. माहिती फुटलेल्या कंपनीनं मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, नंतर तिच्याच संस्थापकांपैकी एकीच्या ना-नफा संस्थेनं ती विकत घेतली, पण त्या मधल्या काळात घाबरून पुष्कळ लोकांनी आपला डेटा पुसून टाकला आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या मॅचही गेल्या.

या सगळ्यात न बदललेली तपासणी एकच, २०१४ च्या अभ्यासातलीच, आई-बापाशी ताडून बघायची. घरातली वडीलधारी माणसं तयार असतील तर आधी त्यांची टेस्ट करून घ्या, आपली नंतर. तुमची मॅच दोघांपैकी एकात दिसली तर बाजू कळली. दोघांतही नाही दिसली, आणि बारीक असेल, तर सोडून द्या. आणि दोघांतही दिसली, जे आपल्या भागात सारखं होणार, तर बेरीज तिथंच बाजूला ठेवायची आणि आईच्या मॅचचे तुकडे वेगळे, बापाच्या मॅचचे तुकडे वेगळे धरून दोन निरनिराळी नाती शोधायची.