लुकिंग बॅकवर्ड

लुकिंग बॅकवर्ड : अमेरिकन लेखक व पत्रकार एडवर्ड बेलामी (२६ मार्च १८५०–२२ मे १८९८) यांची आदर्शराज्यविषयक कादंबरी. जानेवारी १८८८ मध्ये बॉस्टन येथे प्रथम प्रकाशित. ज्यूलियन वेस्ट हा बॉस्टनमधील सधन तरुण ३० मे १८८७ च्या रात्री संमोहननिद्रेत जातो आणि सप्टेंबर २००० मध्ये जागा होतो; त्याचे यजमान डॉ. लीट त्याला नवी समाजव्यवस्था समजावून सांगतात. कथानक बेताचेच असून ग्रंथाचे खरे मोल त्यातील श्रम व वाटप यांच्या मांडणीत आहे.

या समाजात उत्पादनाची सर्व साधने राष्ट्राच्या मालकीची असून राष्ट्र हाच एकमेव मालक आहे. वयाच्या २१ व्या वर्षापासून ४५ व्या वर्षापर्यंत प्रत्येक नागरिक ‘औद्योगिक सेने’त काम करतो, पहिली तीन वर्षे नेमून दिलेले कोणतेही काम करावे लागते, त्यानंतर व्यवसाय निवडता येतो. ज्या कामाला माणसे कमी येतात त्याचे तास घटवायचे आणि जिथे गर्दी होते तिथे वाढवायचे, या एका नियमाने मनुष्यबळाचा समतोल साधला जातो. त्यामुळे खाणकामाचे तास फार थोडे ठरतात. चलन नाही, प्रत्येकाला वार्षिक उत्पन्नाचा समान वाटा क्रेडिट कार्डावर जमा मिळतो आणि सार्वजनिक भांडारातून घेतलेल्या वस्तूंची किंमत त्यातून वजा होते. काम करण्यास समर्थ असूनही सतत नकार देणाऱ्याला मात्र तो कबूल होईपर्यंत पाणी व पाव यांवर एकांतवासाची शिक्षा आहे, आणि ही तरतूद ग्रंथाचे मूल्यमापन करताना दृष्टिआड करता येत नाही.

औद्योगिक सेनेच्या कल्पनेचा उगम वादग्रस्त आहे. खुद्द बेलामी यांनीच त्याविषयी दोन निवेदने केली असून ती एकमेकांशी पुरती जुळत नाहीत. १८८९ मधील निवेदनानुसार समाजसुधारणेवर गंभीर ग्रंथ लिहिण्याचा त्यांचा मूळ हेतू नव्हता. सामाजिक सुखाची एक काल्पनिक कथा रचावी, एवढाच विचार होता आणि ती इ. स. ३००० मध्ये घडणार होती. सैन्याच्या धर्तीवरील श्रमसंघटनेचे तपशील जुळवताना तीच नव्या व्यवस्थेची कोनशिला ठरू शकते हे त्यांच्या ध्यानात आले, आणि मग त्यांनी काळ अलीकडे ओढून संपूर्ण लेखन नव्याने केले. १८९४ च्या निवेदनात मात्र, सर्व नागरिकांना समतेच्या पायावर उपजीविकेची हमी देणारी अर्थरचना शोधण्याच्या निश्चित हेतूनेच आपण १८८६ च्या अखेरीच्या सुमारास लेखनास बसलो, असे ते सांगतात. तरुणपणी चिकोपी फॉल्स या आपल्या गावी दिलेल्या व्याख्यानाचा दाखलाही देतात. दुसरे निवेदन ग्रंथाभोवती राजकीय चळवळ उभी राहिल्यानंतरचे आहे, हे लक्षात घेता पहिले अधिक ग्राह्य वाटते. विषमतेविषयीची अस्वस्थता जुनी आणि तिच्यावरील यंत्रणा लेखनाच्या ओघात सापडलेली, असे मानल्यास दोन्हींचा बराचसा मेळ बसतो. लॉरेन्स ग्रोनलंड यांच्या १८८४ मधील समाजवादी ग्रंथाशी आणि जर्मन समाजवादी नेते आउगुस्ट बेबेल यांच्या विचारांशी दाखविले जाणारे साम्य खरे असले, तरी लष्करी शिस्तीचा साचा त्यातून पूर्णपणे उलगडत नाही.

ग्रंथाच्या प्रेरणेने उद्योगांच्या राष्ट्रीयीकरणाचा पुरस्कार करणारे ‘नॅशनॅलिस्ट क्लब’ स्थापन झाले. त्यांची संख्या लवकरच शंभरावर गेली. इंग्लंडमध्ये समाजवादी कवी व लेखक विल्यम मॉरिस यांनी जून १८८९ मध्ये कठोर परीक्षण लिहिले. श्रमाचे प्रमाण घटविण्यापेक्षा श्रमातील क्लेश घटवून तो आनंददायी करणे महत्त्वाचे, हा त्यांचा आक्षेप मूलगामी असून त्याला समाधानकारक उत्तर बेलामी यांच्या व्यवस्थेत मिळत नाही. १८९७ मध्ये बेलामी यांनी ‘इक्वॅलिटी’ हा उत्तरभाग लिहिला.

मराठी वाचकांच्या दृष्टीने दोन संदर्भ उद्‌बोधक आहेत. कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा पंडिता रमाबाई अमेरिकेत होत्या. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल पुढे तेथील नॅशनॅलिस्ट क्लबातही सामील झाले; रमाबाईंनी विधवांच्या शिक्षणासाठी काढलेल्या व १८९० मध्ये पुण्यात स्थलांतरित झालेल्या शारदा सदनास या असोसिएशनचा आर्थिक आधार होता. अर्थात या सान्निध्यावरून वैचारिक प्रभाव सिद्ध होत नाही. दुसरा संदर्भ न्या. महादेव गोविंद रानडे यांचा. १८९० मध्ये पुण्यातील औद्योगिक परिषदेत त्यांनी जावा बेटावरील डच सरकारच्या लागवड-पद्धतीचा (सरकारच्या देखरेखीखाली निर्यातीची पिके घेण्याच्या पद्धतीचा) विचार मांडला आणि १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात, अर्थशास्त्राचे नियम देशकालनिरपेक्ष नसून औद्योगिक उभारणीत राज्यसंस्थेने पुढाकार घेणे उचित आहे, असे प्रतिपादन केले. रानड्यांचे राज्य खाजगी उद्यमाला उभे राहण्यास हात देते, तर बेलामींचे राज्य त्याला स्वतःत सामावून घेते. त्यामुळे दोघांना एकाच समाजवादी परंपरेत बसविणे योग्य होणार नाही.