आधी ताटली, मग चहा : बेळगावच्या चहापानामागची गोष्ट

आमच्याकडं कोण आलं की आधी ताटली पुढं येते आणि चहा मागून, हे बेळगावात वाढलेल्या कुणाला वेगळं सांगायला नको. ताटलीत एका बाजूला चिवडा नाहीतर भजी, दुसऱ्या बाजूला चमचाभर कुंदा (दूध आटवून केलेलं आमच्याकडचं गोड), मधे घरात जी काय वडी असेल ती, आणि "घ्या की थोडं तरी" म्हणत ती ताटली निम्मी रिकामी झाल्याशिवाय आतून चहाचा कप काय बाहेर येत नाही. परवा भाचीनं नव्या घरात चहापार्टी ठेवली होती आणि फोन करून विचारलं, मावशी काय काय ठेवू, सँडविच आणि केक करू की आपलं नेहमीचंच? मी तिला यादी द्यायच्या ऐवजी तासभर इतिहासच सांगत बसले, कारण मला मनापासून वाटतं की ही ताटली कुठनं आली ते कळलं तर काय ठेवायचं ते आपोआप कळतं. तेच इथं लिहून काढतेय.

चहापार्टी म्हटल्यावर डोळ्यासमोर जे येतं, तीन मजली स्टँड, खाली सँडविच, मधे स्कोन, वर केक, ते सगळं इंग्लंडचं. आणि तिथली गोष्ट आपल्या बरोब्बर उलटी आहे. तिथं चहा आधी आला, त्याच्याबरोबरचं ठरलेलं खाणं बऱ्याच नंतर जमत गेलं. लंडनचा सॅम्युअल पीप्स म्हणून एक सरकारी अधिकारी होता, त्याच्या डायरीत २५ सप्टेंबर १६६० ला नोंद आहे की आज चहा मागवला, याआधी कधी प्यायलो नव्हतो. दोन वर्षांनी, १६६२ ला, पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन लग्न करून इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सच्या घरी आली, तिला माहेरच्या चहाची सवय होती म्हणून दरबारात चहाची फॅशन आली (हीच ती कॅथरीन, जिच्या हुंड्यात मुंबई गेली). पण चहा परवडायचा कुणाला? त्याच्यावर कर इतका की चोरटा माल चालायचा, शेवटी १७८४ ला सरकारनं कर ११९ टक्क्यांवरनं एकदम साडेबारा टक्क्यांवर आणला तेव्हा कुठं तो साध्या घरात पोचला.

दुपारच्या चहाची रीत मात्र १८४० च्या आसपासची. बेडफर्डची डचेस ॲना हिच्या नावावर ती सांगतात. त्या काळात मोठ्या घरांतलं रात्रीचं जेवण लांबत लांबत आठ वाजेपर्यंत गेलं होतं, दुपारचं खाणं हलकं, त्यामुळं चार-पाचला पोटात कावळे ओरडायला लागायचे, म्हणून ती खोलीतच चहा, ब्रेड-बटर आणि थोडा केक मागवायची, मग मैत्रिणींना बोलवायला लागली आणि रीत पडली. म्हणजे तिकडं भुकेनं चहाभोवती खाणं गोळा केलं. सँडविच आधीपासनं होतंच, अठराव्या शतकातल्या सँडविचच्या अर्लच्या नावानं. केकचं मात्र नशीब उघडलं ते १८४३ ला. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डच्या बायकोला यीस्ट सोसत नव्हतं म्हणून त्यानं बेकिंग पावडर तयार केली, आणि तासन् तास अंडी फेटल्याशिवाय हलका केक फुगायला लागला. एका नवऱ्यानं बायकोसाठी केलेली ही खटपट मला फार आवडते. आणि हां, हल्ली हॉटेलवाले हाय टी हाय टी करतात ना, ते मूळचं कामगारांचं संध्याकाळचं पोटभर जेवण, त्यात डचेसचा काही संबंध नाही.

आता आपल्याकडं या. आपल्याकडं ताटली आधीच भरलेली होती, चहा सगळ्यात शेवटी येऊन बसला.

कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर, बाराव्या शतकातला, त्यानं संस्कृतात मानसोल्लास लिहिला, त्यात स्वयंपाकावर मोठा भाग आहे. वडे आहेत, पुऱ्या आहेत, आणि गव्हाचे मंडक आहेत. मंडक म्हणजे आपले मांडेच की! या चालुक्यांचे मांडलिक असलेल्या सौंदत्तीच्या रट्टांनी पुढं बेळगावला राजधानी केली, किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ ची, त्यांच्याच काळातली. तेव्हा मांडा हा या मातीला नवा नाही. मुक्ताबाईनं ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजले ही कथा तर घरोघरी माहीत, आणि मनात मांडे खाणं हा वाक्प्रचार मराठीत आहे तो काय उगाच नाही. बेळगावचा मांडा हातावर लांबवत लांबवत रुमालासारखा पातळ करतात, उलट्या कढईवर टाकतात, आत पिठीसाखर, तूप, खसखस, आणि कडक व्हायच्या आत घडी घालतात. नीट ठेवला तर बरेच दिवस टिकतो. लग्नात रुखवतात मांडे नसले तर आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका अजून विचारतात.

टिकणं हे इथं महत्त्वाचं आहे. प्रवास, जत्रा, लेकीची पाठवणी, या सगळ्यासाठी दिवसेंदिवस टिकणारं असं घरात लागायचंच. गोकाकचा करदंट घ्या. कन्नडमध्ये करिद म्हणजे तळलेला, अंटु म्हणजे डिंक, तळलेल्या डिंकाचा गुळातला पदार्थ, त्यात सुकं खोबरं आणि काजू-बदाम. बाळंतिणीला डिंकाचे लाडू देतात त्याचाच हा भाऊ. कडबोळी घ्या, शेजारची कन्नड काकू त्याला कोडबळे म्हणते, नाव तेवढं थोडं वाकडं होतं, आकार तोच गोल. उप्पीट तर नावासकट कन्नड, उप्पु म्हणजे मीठ आणि हिट्टु म्हणजे पीठ. पुण्याची माणसं उपमा म्हणतात, आम्ही उप्पीटच म्हणतो. चिरमुरे भिजवून फोडणीला टाकलेला सुसला तोच पुढं सोलापूरकडं सुशीला होतो. सीमेवर राहायचा हा फायदा, एका पदार्थाची दोन नावं आणि दोन्ही घरची वाटतात. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, त्याचं दुःख इथल्या मराठी माणसाला आजही आहे आणि ते खरं आहे, पण ताटलीतली ही सरमिसळ त्याच्या कितीतरी आधीची आहे.

तिखटाचंही तसंच. मिरची, बटाटा, शेंगदाणा हे तिन्ही अमेरिकेचे, पोर्तुगीज १५१० ला गोव्यात बसल्यानंतरच्या काळात आपल्याकडं रुळलेले. विचार करा, मिरची नाही, बटाटा नाही आणि दाणेही नाहीत, तर आजच्या चिवड्यात, भज्यात, वड्यात राहतं काय! आणि आज संकेश्वरी मिरचीचं नाव घेतल्याशिवाय आमच्याकडची चटणी पुरी होत नाही, बेळगावच्या लाल मातीतला बटाटा बाजारात नाव घेऊन मागतात. घाटाखाली आलेलं बी घाटावर येऊन आपलं झालं.

तर अशा या भरल्या घरात चहा कधी आला? आसामात रॉबर्ट ब्रूसला तिथल्या रानचहाची माहिती मिळाली १८२३ ला, आणि आसामच्या चहाचा पहिला लिलाव लंडनला झाला जानेवारी १८३९ मध्ये. म्हणजे पिकायचा इथं आणि जायचा तिकडं. बेळगावचा किल्ला इंग्रजांनी १८१८ ला घेतला आणि कॅम्प, म्हणजे त्यांची लष्करी छावणी वसली, त्यामुळं साहेबाचा चहा, त्याचा पाव आणि बिस्किटं हे सगळं गावापासनं हाकेच्या अंतरावर होतं. गावाला लागून असलेलं शहापूर तर सांगली संस्थानातलं, कॅम्प इंग्रजांचा, मधे नुसते रस्ते. पण अंतर पावलांत मोजायचं नव्हतं ना, सोवळ्यात मोजायचं होतं.

ते किती होतं ते पुण्याच्या पंचहौद मिशनच्या, म्हणजे ख्रिस्ती मिशनऱ्यांकडच्या चहाच्या प्रकरणात दिसतं. १४ ऑक्टोबर १८९० ला तिथं व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढं चहा-बिस्किटं आली. टिळक होते, रानडे होते. कुणी प्याले, कुणी नुसता कप हातात धरला. मग गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या नवऱ्यानं, नावं पेपरात छापून दिली आणि ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकायचा वाद उभा राहिला, शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. एका कपासाठी! याच टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये आमच्या बेळगावात होमरूल लीग काढली आणि आमची टिळकवाडी त्यांच्याच नावाची, त्यामुळं ही गोष्ट मला कधी परक्या गावची वाटली नाही.

माझ्या मते आपल्या चहापानाची गुरुकिल्ली इथंच आहे. चहा हळूहळू घरात आला कारण तो आपल्या चुलीवर, आपल्या भांड्यात, आपल्या दुधात उकळता येत होता, त्याला शिवाशीव लागली नाही. बेकरीचा पाव आणि बिस्किट मात्र बरीच वर्षं कर्मठ घरांच्या उंबऱ्याबाहेरच राहिलं. मग चहाबरोबर काय द्यायचं? डब्यात जे होतं तेच. दिवाळीच्या फराळाची चकली, चिवडा, कडबोळी, शंकरपाळी. साहेबाच्या चहापानातला नुसता चहा आपण उचलला आणि तो फराळाच्या ताटलीशेजारी नेऊन ठेवला. माझी आज्जी खारी-बटर माजघरात येऊ द्यायची नाही, बाहेरच्या सोप्यात पुरुषमाणसांनी खायचं, आणि तीच आज्जी दिवसातनं चारदा चहा प्यायची.

लोकांना चहाची सवय लावायला चहावाल्यांना तसं भरपूर खपावं लागलं हां. १९०३ पासनं चहावर उपकर बसवून त्याच पैशातनं प्रचार सुरू झाला, रेल्वे स्टेशनं, गिरण्या, बाजार, सगळीकडं चहा करून दाखवायचे. त्यात डिसेंबर १९२४ ला बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष झाले ते फक्त याच एका अधिवेशनाला, आणि गांधीजी स्वतः चहाच्या विरोधातले. लोकांनी गांधीजींचं बाकी सगळं ऐकलं पण चहा काही सोडला नाही. १९३० च्या सुमाराला आसामात सीटीसी मशीन आलं, पानं चिरडून, फाडून, वळवून बारीक दाणा करायचं. तो दाणा कडक रंग सोडतो, कमी पावडरीत जास्त कप होतात, दुधात उकळायला हाच बरा. पुढं तो घरोघरी पोचला आणि चहा खऱ्या अर्थानं सगळ्यांचा झाला.

साखरेकडं पण बघायला पाहिजे. आमच्या भागात ऊस जुना पण घरात गूळच, चहाही गुळाचा. मग कारखाने आले, उगारचा १९३९ चा, आणि आज जिल्ह्यात इतके कारखाने आहेत की गाळपाच्या हंगामात रस्त्यानं ट्रॅक्टरमागे ट्रॅक्टर. कुंद्याला साखर आणि दूध दोन्ही सढळ हातानं लागतं. दूध आटवायचं, दह्यानं कणी पाडायची, साखर घालून तपकिरी रंग येईपर्यंत ढवळत राहायचं, हात भरून येतात. कुणा हलवायाचं दूध चुलीवर विसरलं आणि कुंदा झाला अशी एक कथा गावात सांगतात. मला ती पटत नाही, विसरलेलं दूध करपतं, असा दाणेदार कुंदा व्हायला कुणीतरी उभं राहून हलवत बसलेलं असणार.

बिस्किटांचा उंबरा ओलांडायचा राहिला होता तो पार्लेच्या ग्लुकोनं ओलांडला, तेही त्याच सुमाराचं, बंद पुड्यातलं, देशी कारखान्यातलं, त्यामुळं सोवळ्याला कुठं बोट ठेवायला जागा राहिली नाही. नंतर खारी, टोस्ट, नानकटाई सगळी आत आली. कॅम्पातल्या गोवन शेजाऱ्यांकडनं नाताळात कुलकुल आणि दोदोल यायचा, आमच्याकडनं दिवाळीचा डबा जायचा. कुलकुल आणि शंकरपाळी दोन्ही मैद्याची, तळलेली, गोड, ताटलीत शेजारी ठेवली की पोरं दोन्ही एकत्रच खातात.

तर भाचीला मी एवढंच सांगितलं. सँडविच ठेव, काकडीचं ठेव, छान लागतं, पण आत हिरवी चटणी लाव, नुसत्या बटरवर आपल्या माणसाचं समाधान होत नाही. केक नको, त्याच्या जागी करदंटाचे लहान तुकडे कर. तिखट गरम पाहिजे, मिरचीभजी पाहुणे बसल्यावर तळायला घे. गरम चहावर तिखट जास्त झोंबतं, म्हणून ज्यांना सोसत नाही त्यांच्यासाठी उप्पीट. आणि कुंदा चहाच्या आधी संपव, चहाबरोबर नको, कारण तोंडात कुंदा असताना कितीही साखरेचा चहा पाणचट लागतो. इंग्लंडात तिखट-खारं आधी आणि गोड शेवटी, आपल्याकडं दोन्ही एकाच ताटलीत, मधे भिंत नाही, ज्यानं त्यानं आपल्या जिभेनं वाट काढायची.

मांडा शेवटी आणला तिनं. अख्खा कुणी घेत नव्हतं, चुरा होतो, साडीवर सांडतो. मग तिच्या कन्नड सासूबाईंनीच तो परातीत मोडला, वरनं कोमट दूध सोडलं आणि सगळ्यांना वाटीत दिला, चहा तोवर आत दुसऱ्यांदा उकळत होता.