परक्यांसाठी बांधलेली चर्च आणि आजचे परके

पुण्यात ख्रिस्ती शेजाऱ्यांचा विषय निघाला की 1890 चा पंचहौद मिशनमधला चहा आठवतोच. मिशनऱ्यांकडच्या त्या चहापायी टिळक-रानड्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचं संकट, आलं. तेव्हा परका होता तो ख्रिस्ती माणूस. आज शहरात नव्याने आलेल्यांकडे ख्रिस्ती मंडळींचं लक्ष जातं का, हे पाहायची वेळ आहे.

खरं तर इथली जुनी चर्च उभी राहिली ती बाहेरून आलेल्यांसाठीच. 1792 मध्ये सवाई माधवरावांच्या काळात क्वार्टर गेटजवळ जागा मिळाली, ती पेशव्यांच्या फौजेतल्या गोवेकर आणि पोर्तुगीज कॅथलिकांना. कॅम्पातलं 1825 चं सेंट मेरीज इंग्रजी पलटणींचं, तर 1850 चं सेंट पॅट्रिक्स आयरिश शिपायांचं. मराठी ख्रिस्ती कुटुंबंही बरीचशी नगरकडची. अमेरिकन मराठी मिशन तिथे 1831 पासून होतं.

पुढे पिढ्या मुरल्या, बाकं ठरून गेली. मराठी उपासनेची वेळ वेगळी, इंग्रजीची वेगळी. एकाच आवारात येणारे लोक फाटकाशी फक्त गाड्या काढताना भेटतात. झारखंडहून बांधकामावर आलेला उरांव किंवा मुंडा आदिवासी तरुण शेवटच्या बाकावर बसतो आणि आशीर्वाद होताच निघतो, कारण साइटवर रविवारीही काम असतं. मणिपूर-नागालँडची मुलं आपापल्या भाषेत जमतात, आफ्रिकी विद्यार्थी इंग्रजी उपासनेला येतात.

यांची आठवण शहराला बहुधा संकटातच झाली. ऑगस्ट 2012 मध्ये अफवांनी घाबरलेली ईशान्येकडची मुलं पुणे स्टेशनवर गर्दी करून गावी निघाली. 2020 च्या टाळेबंदीत मजूर रस्त्यावर दिसले. व्हॅटिकन मात्र स्थलांतरितांसाठीचा दिवस 1914 पासून पाळतं. सध्या तो सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी असतो.

शिधावाटप आपल्याला जमतं. ओळख ठेवणं अवघड, असं माझं मत. नाताळात करंज्या-शंकरपाळ्यांचं ताट शेजारी जातं, पण वॉचमनच्या खोलीपर्यंत क्वचितच. आणि चर्चमध्ये हात मिळवणारा घरमालकही फ्लॅट देताना ‘बाहेरची मुलं नकोत’ म्हणतो, हे कटू असलं तरी सांगायला हवं. नवख्याला आधी लागते ती भाड्याची खोली, पोलिसांकडच्या भाडेकरू नोंदणीत मदत आणि ससून रुग्णालयाच्या रांगेत मराठी बोलणारं कुणीतरी सोबत.