ब्रिटनची नॅशनल लॉटरी: तिकिटाचा पैसा समाजकामाला कसा लागला

लॉटरी काढून लोकांच्या कामाला पैसा उभा करायचा हे ब्रिटनमध्ये काही नवीन नाही, पहिल्या एलिझाबेथ राणीने १५६७ मध्ये बंदरांच्या दुरुस्तीसाठी लॉटरी जाहीर केली होती आणि पुढे १७५३ ला ब्रिटिश म्युझियम उभं राहिलं तेही लॉटरीच्याच पैशातून. नंतर गैरप्रकार वाढले, १८२६ ला शेवटची सरकारी सोडत झाली आणि विषय बंद पडला तो थेट पंतप्रधान जॉन मेजर यांच्या सरकारने १९९३ ला नवा कायदा करेपर्यंत.

पहिला ड्रॉ १९ नोव्हेंबर १९९४ चा, तिकीट एक पौंड. सरकारी लॉटरी म्हणतात खरं, पण चालवते खासगी कंपनी, सरकार फक्त लायसन्स देतं (आधी कॅमलॉटकडे होतं, फेब्रुवारी २०२४ पासून ऑलविनकडे). सुरुवातीला एका पौंडातले (म्हणजे १०० पेन्समधले) साधारण ५० पेन्स बक्षिसांना, २८ समाजकामाला, १२ सरकारच्या करात आणि उरलेल्यात दुकानदाराचं कमिशन अन कंपनीचा खर्च आणि नफा.

खरं भांडण त्या २८ पेन्सवरून झालं. १९९५ मध्ये चर्चिल यांची कागदपत्रं विकत घ्यायला १ कोटी २० लाख पौंडांहून जास्त रक्कम दिली, लंडनच्या ऑपेरा हाऊसलाही (पाश्चात्त्य संगीतनाटकांचं थिएटर) भरपूर दिले, आणि लोक चिडले, माझ्या मते बरोबरच चिडले, कारण तिकीट घेणारा बहुतेक साधा माणूस आणि पैसा चाललाय ऑपेराला. १९९८ ला कायदा बदलून आरोग्य, शिक्षण, पर्यावरणही लॉटरीचा पैसा मिळणाऱ्या कामांच्या यादीत घेतलं, तर लगेच दुसरी शंका आली की जे काम सरकारने करातून करायचं ते आता लॉटरीवर ढकलणार का? लॉटरीचा पैसा सरकारी खर्चाच्या वरचा असावा, त्याच्या जागी नको, हे तत्त्व तिथे अजून मानतात आणि ते सोडू नयेच.

आता ४० टक्के आरोग्य, शिक्षण, पर्यावरण आणि धर्मादाय कामांना, बाकी खेळ, कला आणि वारसा यांना प्रत्येकी २०. खेळातला फरक तर सगळ्यांना दिसला, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकला ब्रिटनला एकच सुवर्ण मिळालं होतं, त्यानंतर खेळाडूंना लॉटरीचा पैसा थेट मिळायला लागला आणि २०१२ ला लंडनमध्ये २९ सुवर्ण. पण मला त्याहून मोलाची वाटते ती छोटी मदत, इंग्लंडमध्ये एखाद्या वस्तीतल्या गटालासुद्धा २० हजार पौंडांपर्यंत मागता येतात, आणि कोणाला द्यायचे ते मंत्री नाही, वेगळी संस्था ठरवते.